विमान तयार

आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं झोपवून नेत नाहीत. बांबूच्या कामट्यांची चौकट बांधतात, फुलांनी मढवतात, तिच्यात त्याला बसवतात आणि वाजतगाजत नेतात. या चौकटीला आमच्याकडं विमान म्हणतात. माकणीजवळच्या आमच्या गावात कुणी कुणाच्या जिवावर उठलं की हमखास म्हणणार, ‘तुझं विमान बांधतो बघ!’ आणि मी तर पोटासाठी विमानंच बांधत होतो. खरीखुरी, आख्खा ट्रक पोटात घेऊन उडणारी, लष्कराची. मी नोकरीला लागलो तेव्हा चुलती पदर तोंडाला लावून हसली होती. ‘इतकं शिकून विमान बांधायलास व्हय रं? आपल्या गावात ते काम अंगठेबहाद्दर करतेत की!’

विमानाचं वेड मला काकांच्या हातून लागलं म्हणायला हरकत नाही. निजामाचं राज्य मोडायला हिंदुस्थानची फौज सोलापूरकडून आली, तेव्हा दोन विमानं आमच्या ज्वारीवरून अगदी खालून गेली. सगळे पिकात आडवे झाले. मी मात्र आ वासून उभा. काकांनी कानफटात अशी मारली की मी तोंडावर आपटलो, ओठ फाटला आणि ते स्वतः माझ्या पाठीवर पालथे पडले. गोळी आली असती तर आधी त्यांना लागली असती. तोंडात माती आणि रक्त, वर काकांचं ओझं आणि आभाळात तो आवाज. तो आवाज डोक्यात शिरला तो निघालाच नाही.

पुढं हैदराबादला इंजिनिअर झालो आणि दक्षिणेतल्या सरकारी विमान कारखान्यात नकाशे काढायला लागलो. मूळ विमान परदेशी होतं, पण आपल्या लष्कराचे ट्रक त्यात मावेनात. म्हणून आतली जमीन आणि मागचा दरवाजा नव्यानं आखायचं काम आमच्याकडं आलं. जमीन माझी. तीन वर्षं मी त्या एका जमिनीवर घालवली.

आमचं काम मुळात मोडण्याचं. जमीन असो की पंख, लोखंडी सांगाड्यात आवळायचा आणि त्याच्यावर वाळूची पोती रचत जायची, तो तुटेपर्यंत. तुटताना बंदुकीसारखा बार होई आणि पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटा गोळ्यांसारख्या सुटत. एकदा एका फिटरचा गाल फाटला, आतले दात दिसायला लागले. त्याला दवाखान्यात पाठवलं, रक्तावर वाळू टाकली आणि दुसरी जमीन सांगाड्यात चढवली. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू! माझ्यासारख्या तापट माणसाला राग काढायला तेवढी हक्काची जागा होती.

गावाकडं मात्र तशी जागा नव्हती. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाल्यावर जमिनीची नवी मोजणी आली. वडील वारले होते, आमचा वाटा थोरला भाऊ कसत होता, शेजारचा वाटा काका कसत होते. मोजणीदारानं आमचा बांध काकांच्या रानात दोन हात आत धरला आणि खुणेचे दगड रोवले. काकांनी ते उपटून विहिरीत टाकले. मी रजेवर गेलो तेव्हा त्याच बांधावर दोघांची जुंपली होती. काकांनी चाबकाचा दांडा भावाच्या टाळूवर हाणला. रक्त त्याच्या भुवईवरून खाली आलेलं मी पाहिलं आणि माझं भान सुटलं. काकांना बांधावर लोळवलं, छातीवर गुडघा रोवला आणि गळा धरला.

‘आता तुमचं विमान मीच बांधतो!’

गळा दाबतानाही तोंडातून ‘तुमचं’च आलं, एवढे संस्कार शाबूत होते. भावानं मला मागून ओढलं, नाहीतर मी दाबतच राहिलो असतो. आम्हा तिघांशिवाय तिथं चौथं कुणी नव्हतं. परत निघताना भाऊ म्हणाला, ‘सोड ती बांधाची कटकट, मी बघून घेतो. तुझं विमान उडायला तयार झालं की तार कर. गावात साखर वाटतो.’

विमान तयार झालं. सगळ्या चाचण्या पार पडल्या, माझी जमीन एका जागीही चिरली नाही. मी धावत तारऑफिसात गेलो आणि रोमन लिपीत मराठी तार ठोकली: ‘विमान तयार. गुरुवारी येतो.’

लोहाऱ्याहून तार घेऊन आलेल्या माणसानं आडनाव वाचलं आणि पहिल्या लागलेल्या घरात ती दिली. ते घर काकांचं. काकांनी ती शाळामास्तरांकडून वाचून घेतली. मास्तरांनी जे होतं तेच वाचलं, त्यांचा काय दोष! काकांनी ती घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि घरी गेले.

बुधवारी भर दुपारी भाऊ मोट हाकत होता. काका कुऱ्हाड घेऊन आले. भावानं डोकं वाचवायला उजवा हात वर केला. पहिला घाव कोपरावर बसला, दुसरा खांद्यात रुतला. तिसरा बैलाच्या वशिंडात गेला, कारण तोवर भाऊ खाली पडला होता. बैल दोर तोडून उधळले आणि भावाच्या पायावरून गेले. लोक धावून आले तेव्हा काका रक्ताच्या थारोळ्याशेजारी उकिडवे बसून एकच सांगत होते, ‘दोघं मिळून मला मारनार हुते. म्या आधी मारलं.’

गुरुवारी मी पेढ्यांची टोपली घेऊन उतरलो. भावाला आदल्या दिवशीच ट्रकमध्ये घालून सोलापूरला नेलं होतं. हात कोपराच्या वर कापून टाकावा लागला. जीव वाचला. काकांच्या बंडीच्या खिशात सापडलेली माझी तार पोलिसांनी जप्त केली होती.

खटला जिल्ह्याच्या कोर्टात उभा राहिला. काकांच्या वकिलांचं म्हणणं सरळ होतं: पुतण्यानं आधी जिवे मारायची धमकी दिली, मग तार केली, म्हातारा माणूस भ्यायला. धमकी खरी ठरली तर शिक्षा निम्म्यावर येणार होती. पण धमकी खरी ठरली तर माझी नोकरीही जाणार होती. कारखाना लष्कराच्या कामाचा. पोलीस चौकशीत एक ओळ वाकडी आली की माणूस फाटकाबाहेर. पुढचं विमान नव्यानं आखायचं होतं, संपूर्ण, आमचं स्वतःचं, आणि त्या गटात माझं नाव लागलं होतं. साहेबांनी मला निघताना एवढंच सांगितलं, ‘कागदावर डाग आणू नका.’

आधी भावाची जबानी झाली. रिकामी बाही खांद्याशी पिनेनं अडकवलेली. वकिलांनी विचारलं, ‘तुमचा धाकटा भाऊ आरोपीला तसं बोलला होता का?’

भावानं माझ्याकडं पाहिलं नाही. ‘व्हय. बोलला हुता. गळा धरून बोलला हुता. काका भ्याले आसतील, न्हाय कसं म्हनू?’

मग मला बोलावलं. तोच प्रश्न. समोर काका उभे होते, दाढी वाढलेली, दोन्ही हात जोडलेले. माझ्याकडं आशेनं बघत होते. हात तोडणाऱ्या माणसाचा मला संताप होता, पण त्या संतापापायी मी बोललो असं म्हणून स्वतःला सोडवणार नाही. मला नोकरी हवी होती.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘असं काहीही घडलेलं नाही. मी इंजिनिअर आहे. विमान म्हणजे विमान.’

निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की जखमी साक्षीदार भोळा, नात्यापोटी बोलणारा दिसतो. त्याचा सुशिक्षित, सरकारी नोकर भाऊ खोटं बोलेल असं मानायला कारण नाही. काकांना दहा वर्षं सक्तमजुरी झाली. चुलती कोर्टाच्या पायरीवर डोकं आपटून घेत होती. कपाळ फुटलं तरी थांबेना. भावानं एका हातानं तिला धरून ठेवलं. मी हात पुढं केला तर तिनं तो नखांनी ओरबाडला.

स्टँडवर मी भावाला म्हटलं, ‘माझी नोकरी गेली असती रे.’

 तो शांतपणे म्हणाला, ‘बरं झालं तू शिकलास. माझा हात गेला, तरी बी म्या सांगितलेलं खरं ठरंना. तू सांगितलंस ते लगेच ठरलं.’

लोहाऱ्याची गाडी लागली होती. त्यानं चुलतीला आधी चढवलं, खिडकीशी बसवलं आणि तिच्या शेजारी बसला. मी सोलापूरची गाडी धरली, आणि सोमवारी कामावर हजर झालो.