पेढ्यासारखा वाटलेला गेम

आमच्या घरी चोरी हा शब्द कुणी वापरला नाही. आमच्याकडे 'भरून देणे' असायचं. देगलूरला माझ्या वडिलांचं, आप्पांचं, मोबाईलचं दुकान आहे. मी शाळेत होते तेव्हा लोक मेमरी कार्ड घेऊन यायचे आणि म्हणायचे, "भरून द्या." काय भरायचं ते सांगावं लागत नसे. आप्पा माणसाकडे एकदा बघायचे आणि कॉम्प्युटरवरचा नेमका फोल्डर उघडायचे. लग्न ठरलेल्याला एक, नवा ट्रॅक्टर घेतलेल्याला एक, भजनी मंडळाला एक आणि तेलंगणातून आलेल्याला तेलुगू सिनेमांचा एक. त्या फोल्डरांवर माझं इंजिनिअरिंग झालं. ज्या सॉफ्टवेअरवर मी गेम करायला शिकले, तेही आप्पांनीच कुठूनसं मिळवून पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं होतं. त्यामुळे पायरसीनं या धंद्याचं नुकसान होतं का, असं कुणी विचारलं की मी आधी इकडेतिकडे बघते.

कॉलेजात असताना मी हाच प्रश्न आप्पांना विचारला होता. त्यांनी हातातला चार्जर वर करून दाखवला. "हे कुणी उचलून नेलं तर माझं एक कमी होतंय. गाणं भरून दिलो तर त्यांचं काय कमी होतंय, सांग बरं? त्यांच्यापाशी हाय ते त्यांच्यापाशीच हाय." खरं सांगायचं तर मला उत्तर नकोच होतं. माझी फी भरायची होती.

पुढे मी लातूरला आले. सकाळी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचं आणि दुपारपासून खोलीवर बसून गेम करायचा, असं दोन वर्षं चाललं. प्रोग्रामिंग माझं, चित्रं मैत्रिणीची. ती समोरच्या खुर्चीत बसायची, शेंगदाणे खायची आणि माणसं काढायची. इतकी हुबेहूब माणसं, की तिनं काढलेला फेटेवाला बघून मला खिडकी उघडावीशी वाटायची, त्याच्या बिडीचा वास येईल म्हणून. गेमचं नाव 'सरका जरा'. एक काळीपिवळी जीप, देगलूरचा नाका आणि बसायला आलेलं अख्खं गाव. खताची पोती, नवरी, तिचं कपाट, दोन सरपंच आणि एक शेळी, सगळ्यांना बसवून जीप हलवायची. दोन सरपंच शेजारीशेजारी बसवले की जीप सुरूच होत नाही. ती कल्पना माझी, आणि तिचा मला अजून गर्व आहे.

जीपवाल्याचा आवाज आप्पांचा. मी एका रविवारी दुकानात मोबाईल पुढे धरला आणि ते ओरडले, "सरका जरा, अजून एक माणूस बसतंय. जरगंडी, जरगंडी." 'सरका' म्हणण्यापुरतं तेलुगू देगलूरच्या नाक्यावर सगळ्यांनाच येतं. एकाच दमात इतकं झकास झालं की पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं नाही.

बेंगळुरूच्या एका कंपनीनं गेम बाजारात आणायचं कबूल केलं. अट एकच होती. पहिल्या महिन्यात ठरलेल्या आकड्याइतका विकला गेला, तर दुसऱ्या गेमचं काम आम्हालाच. नाहीतर रामराम. माझ्याकडे क्लास होता. मैत्रिणीकडे पुण्याच्या नोकरीचं पत्र होतं आणि तिनं तिथे एक महिन्याची मुदत मागून घेतली होती. तिला जायचं नव्हतं. तिनं दुसऱ्या गेममधली माणसं काढायलासुद्धा घेतली होती.

गेम बाजारात यायच्या आधी मी त्याची पूर्ण कॉपी आप्पांना पाठवली. बापाला स्वतःचा आवाज ऐकू द्यावा, एवढाच हेतू. 'कुणाला देऊ नका' असं मी म्हटलं नाही. बापाला असं कोण सांगतं?

कंपनी रोज एक तक्ता पाठवायची, कुठल्या गावात किती विकले त्याचा. पुणे, हैदराबाद, नाशिक बरे चालले होते. आमच्या नांदेड जिल्ह्यात मात्र पंधरा दिवसांत एकही नाही. मला असा राग आला म्हणता! ज्यांच्यावर गेम केला त्यांनाच त्याचं काही नाही. मैत्रीण म्हणाली, "आपल्या लोकांना जीपमध्ये बसायचाच कंटाळा आलाय, मोबाईलमध्ये कशाला बसतील?"

त्याच रविवारी मी देगलूरला निघाले. उदगीर सोडल्यावर शेजारच्या बाईनं मोबाईल काढला आणि माझ्या कानाशी आप्पा ओरडले, "सरका जरा." मी खरोखरच सरकले. मग बघितलं तर तिच्या मोबाईलवर आमची जीप, आमची नवरी आणि मैत्रिणीनं काढलेला तो फेटेवाला. मला इतका आनंद झाला की कंडक्टरला मिठी मारावीशी वाटली. बाई शेळीपाशी अडकली होती.

"मावशी, शेळी टपावर टाका," मी म्हटलं.

तिनं टाकली. जीप सुटली. "तुला गं कसं ठाव?"

"हा गेम मीच केलाय."

तिनं माझ्या चपलांपर्यंत नजर नेली आणि परत आणली. "देगलूरला मोबाईलच्या दुकानात फुकट भरून दिऊन राहिले. त्या दुकानदाराच्या लेकीनं केलाय म्हनं. मी उमरीच्या बहिणीला दिले, हिमायतनगरच्या नणंदेला दिले. नणंद तर सैपाक सोडून खेळती."

मी हसत सुटले. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण माझा बाप होता. हसता हसता मला मैत्रिणीचं ते पुण्याचं पत्र आठवलं. मी विचारलं, "मावशी, विकत मिळत असता तर घेतला असता का?"

तिनं मनापासून विचार केला. "न्हाई," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "पर फुकटात शेळीपातूर आले असते, तर मंग घेतले असते."

या एका वाक्यावर मी देगलूरपर्यंत गणित मांडत बसले. ते अजून सुटलेलं नाही.

दुकानापुढे रांग होती. आप्पांच्या हातात केबल, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे, आणि प्रत्येकाला एकच वाक्य, "माझ्या लेकीनं केलंय, आन् आवाज माझा हाय." मला बघून त्यांनी सगळ्या रांगेला माझी ओळख करून दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चिडायच्या वेळी टाळ्या वाजल्या की माणसाची फार पंचाईत होते.

"आप्पा, हा विकायचा गेम आहे," मी आत नेऊन सांगितलं.

"मंग विका की. पुण्या-मुंबईला विका. गावात आनंदाची गोष्ट कुणी विकतंय का? तू पास झालीस तवा पेढे वाटलो. विकलो का?"

"पेढे संपतात, आप्पा. हे संपत नाही. एकानं दहांना दिलं, दहांनी शंभरांना."

"मंग चांगलंच हाय की," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ अभिमान होता की मला पुन्हा हसू यायला लागलं. तेवढ्यात रांगेतल्या एकानं डोकं आत घालून विचारलं, "ताई, शेळी कुठं बसवायची?" मी सांगितलं. काय करणार, माझाच गेम होता.

मग मी त्यांना महिन्याची अट सांगितली आणि मैत्रिणीचं पत्रही. मैत्रीण आमच्या घरी दोन दिवाळ्यांना येऊन राहिली होती. आप्पांना ती घरचीच. त्यांनी केबल काढून ठेवली. "मला वाटलं कॉपी हाय," ते म्हणाले. "तुझं तुझ्यापाशीच ऱ्हाणार हाय." बाहेरच्या रांगेला त्यांनी हात जोडून सांगितलं, आता भरून मिळणार नाही, विकत घ्या. रांग म्हणाली, "घेतो की," आणि पांगली. ज्यांच्याकडे गेम होता त्यांच्याकडून बाकीच्यांनी नाक्यावरच घेतला.

पुढचे पंधरा दिवस आमच्या गेमच्या ईमेलवर तक्रारींचा पाऊस. शेळीला तिकीट का नाही. उमरीचा खड्ड्यांचा रस्ता टाका. आमच्या सरपंचाला वगळलं याचा निषेध. मैत्रीण एकेक मोठ्यानं वाचायची आणि आम्ही गादीवर लोळून हसायचो. तेवढं सुख मला त्यानंतर मिळालेलं नाही. सगळ्या तालुक्यांना आम्ही माहीत होतो, आणि तक्त्यात आम्ही कुठेच नव्हतो.

महिना संपला. आकडा गाठला नाही. कंपनीचा माणूस फोनवर सौम्यपणे म्हणाला, "तुमच्या भागात लोकांना तो आवडलेला दिसत नाही." यावर मी इतकी हसले की त्याला वाटलं मी रडतेय. शेवटच्या दिवशीच्या तक्त्यात मात्र एक नवी ओळ होती. देगलूर, एक. मी आप्पांना फोन केला. त्यांनी आपल्या मोबाईलमधला गेम पुसून टाकला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी डाउनलोड करून, पैसे भरून घेतलं होतं. खेळून झालेल्या चाळीस लेव्हल त्यात गेल्या. "पयल्यापासून खेळून राहिलो," ते म्हणाले.

मैत्रिणीला लातूरच्या स्टँडवर सोडायला मी गेले. पुण्याची गाडी गच्च भरलेली. ती बॅग घेऊन दाराशीच उभी. मागच्या सीटवरून कुणाच्या तरी मोबाईलमधून आप्पा ओरडले, "सरका जरा, अजून एक माणूस बसतंय." दोन बायका सवयीनं सरकल्या. मैत्रीण बसली. तिनं खिडकीतून माझ्याकडे बघितलं, खदखदून हसली आणि मग ओढणी तोंडावर धरली. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत हसत होते. तेवढ्यात आप्पांचा फोन आला.

"जागा मिळाली का तिला?"

"मिळाली. तुम्हीच दिलीत." मी झालेलं सांगितलं.

ते हसले. मग म्हणाले, "मी वाटलो नसतो तर ती गेली नसती, न्हाई का?"

"माहीत नाही, आप्पा. कदाचित गेली असती. पण उद्यापासून समोरची खुर्ची रिकामी आहे."

"म्हंजे एक कमी झालंच," आप्पा म्हणाले.