शंभर टक्क्यांचे चौकोन

कॅमेऱ्यांच्या चुका काढणं हा माझा धंदा आहे. खिशात मावणारे दोन छोटे डिजिटल कॅमेरे घ्यायचे, शेजारी शेजारी ठेवायचे आणि कमी उजेडात कोण किती खोटं बोलतो ते वाचकांना सांगायचं. उन्हात सगळेच शहाणे असतात. संध्याकाळी घरात एकच मिणमिणता बल्ब असला की एकेकाची लायकी कळते. मोबाइल आल्यावर हे कॅमेरे संपले, असं मीच एकदा ठासून लिहिलं होतं. आता कॉलेजातली पोरं तेच कॅमेरे हुडकत फिरतात आणि मला पुन्हा काम मिळतं. अंदाज साफ चुकला, पण पोट भरलं.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये खरा अंधार मिळत नाही. समोरच्या इमारतीचे दिवे पडद्यातून आत येतात, रस्त्यावरच्या जाहिराती छताला रंग देतात. म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर मी मुळशीकडे, माले गावात, एका शेतकऱ्याच्या घरातल्या बाजूच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खोल्या ठीकठाकच होत्या. मला भुरळ पडली ती त्यांच्या माजघराची. खिडकी नाही, चुलीच्या धुराने भिंती काळ्या, दुपारी चार वाजताही दिवा लावावा लागे. मी घरमालकांना विचारलं की रोज तासभर इथे बसू का. त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. मग रस्त्यावरच्या हॉटेलात ते सगळ्यांना सांगत सुटले, "लोकं हितं धरणाचं पाणी बघाया येत्यात, आमचं पाव्हणं अंधार बघाया आल्यात."

त्यांची बायको मला भाऊ म्हणायची, मी तिला ताई. मला कोणीतरी न हलता बसणारं माणूस हवं होतं, कारण कमी उजेडात कातडीचा रंग कसा बिघडतो ते भांड्याकुंड्यांवर कळत नाही. ताई रोज संध्याकाळी सूप घेऊन तांदूळ निवडायला बसे. तीच म्हणाली, "निवडाया बसले की मी हलत न्हाई. काढा काय काढायचं त्ये." फक्त एक अट होती. "माजं तोंड छापायचं न्हाई. गावात लोकं हसत्याल." मी कबूल केलं. मला तोंड नकोच होतं.

ते का नको होतं हे सांगायला हवं. दोन कॅमेऱ्यांची तुलना अख्ख्या फोटोवर होत नाही. लहान करून बघितला तर कुठलाही फोटो बरा दिसतो. म्हणून दोन्ही फोटो शंभर टक्के मोठे करायचे आणि दोन्हींतून नेमक्या त्याच जागेचा एकेक चौकोन कापायचा. कानाची पाळी आणि तिच्यातली कुडी. गळ्यावरची सावली. पदराचा काठ जिथे कपाळाला टेकतो ती जागा. या चौकोनांत कळतं की आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, वाढवली की कुठल्या कॅमेऱ्याने दाणे दाणे केलेत आणि कुठल्याने दाणे लपवायला कातडी मेणासारखी गुळगुळीत केली आहे. चौकोन कापला की माझ्या दृष्टीने मूळ फोटोचं काम संपलं. फायली अवजड असतात आणि माझा लॅपटॉप म्हातारा आहे. रोज संध्याकाळी चौकोन ठेवायचे, बाकीचं उडवायचं, कार्ड कोरं करायचं. या सफाईचा मला भारी अभिमान होता.

दिवाळीनंतर सुरू झालेलं हे काम होळीपर्यंत चाललं. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला ताईने थोरला म्हणायला सुरुवात केली आणि लहान काळ्याला धाकटा. मी स्टँड लावू लागलो की ती विचारायची, "आज थोरल्याची पाळी का धाकट्याची?" मी दोघांचीही म्हटलं की म्हणायची, "मग उगा भांडणं लावू नका त्यांच्यात." धाकटा एकदा अंधारात फोकस शोधत पुढे मागे करत घरघरला, तेव्हा तिने त्याला भूक लागली असेल असं सांगितलं. मी एरवी कामात कोणाला बोलू देत नाही. तिला देत होतो.

बोलणं बहुतेक लेकीचं असे. एकुलती एक लेक. हिंजवडीत एका कंपनीत नोकरी, नवऱ्याबरोबर जवळच्याच जांबे गावात भाड्याने राहायची. दिवाळीला येऊन गेली आणि लगेच दिवस राहिल्याचं कळलं. पहिल्यापासून त्रास. डॉक्टरांनी पलंगावरून हलायचं नाही, गाडीत तर बसायचंच नाही असं बजावलं. इकडे ताईला दोन म्हशी सोडून जाता येईना. मग असं ठरलं की बाळंतपणाला लेकीनेच सावकाश इकडे यायचं. तोवर रोज फोन. तोही नुसता आवाजाचा, कारण व्हिडिओवर ताई यायची नाही. "फोनमधी त्वांड घालून काय बोलायचं," म्हणायची. आपला फोटो कोणी काढायला लागलं की तिचा पदर तोंडावर जायचा. माझ्यासमोर ती बसली ती केवळ मी ते काम म्हणून करतो म्हणून.

होळीनंतर मी लेख पाठवला. थोरला थोडक्यात जिंकला. त्या दिवशी मी सगळं झाडून काढलं, दोन्ही कार्डं कोरी केली, लॅपटॉपमधली कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली आणि लेखात वापरलेले, न वापरलेले मिळून शेकडो चौकोन एका फोल्डरमध्ये नीट लावून ठेवले.

नंतर आठवडाही झाला नसेल. सकाळी मी दात घासत होतो आणि घरमालक माझ्या दारात उभे राहिले. पायात चप्पल नव्हती. "पाव्हणं, जरा या. ही गोठ्यात पडलीया, उठंना." मी ब्रश हातात घेऊनच धावलो. ताई म्हशीच्या दावणीशी कुशीवर पडली होती, दुधाची चरवी शेजारी उभीच होती, सांडलीही नव्हती. पौडहून डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघितली आणि नुसती मान हलवली. हृदय बंद पडलं म्हणाले. मला ते वाक्य ऐकू आलं, पण समजलं नाही. आदल्या संध्याकाळी तिने मला ताक आणून दिलं होतं आणि पेला परत द्यायचा राहिला होता. मी खोलीत जाऊन तो पेला धुतला. दुसरं काय करावं ते सुचेना.

तोवर बायकांनी ताईला आंघोळ घालून, हार घालून अंगणात ठेवलं होतं. दहाच्या सुमाराला लेक आली. डॉक्टरांचं बजावणं गुंडाळून नवऱ्याने तिला गाडीत घालून आणलं होतं. गाडीतून उतरून ती अंगणाकडे वळली तशा भावकीतल्या चार बायका आडव्या आल्या. सहावा महिना. पोटुशी बाईने मढं बघायचं नाही, पोटातल्या बाळाला त्याची नजर लागते, असं इथे पक्कं आहे. एक म्हातारी तिचे दोन्ही दंड धरून म्हणाली, "तुज्या आईलाबी त्ये चाललं नसतं." तिला कुठे बसवायचं? घरात तर माणसं. माझ्या खोलीचं दार बाजूला, तिथून अंगण दिसत नाही. तिला माझ्या खोलीत आणून बसवलं. नवरा लाकडांच्या व्यवस्थेला गेला, बायका परत अंगणात गेल्या.

घरमालक माझ्याजवळ आले. हा माणूस रोज माझी चेष्टा करणारा. आज त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. "तिला भाएर येऊ दिऊ नका," म्हणाले. "ही गेली. आता त्या जिवाला काय झालं तर मी कुणाकडं बगू?" मी हो म्हणालो. मी असल्या गोष्टी मानत नाही, हे त्या क्षणी बोलण्यासारखं नव्हतं.

मी खोलीत गेलो तर ती उभी होती. मला मामा म्हणायची, आई भाऊ म्हणते म्हणून. "मामा, मला जाऊ द्या. मी हे काही मानत नाही. एकदाच बघून येते." आवाज अगदी शांत होता. मी दारात उभा राहिलो. ती म्हणाली, "दिवाळीपासून तिला बघितलेलं नाही मी. माझ्याकडं तिचा एक धड फोटो नाही. लग्नाच्या अल्बमात पाठमोरी आहे. आधार कार्डावरचा तेवढा आहे, त्यात ती घाबरलीय."

आणि मी ते बोललो. "माझ्याकडे आहेत तिचे फोटो. दिवाळीपासूनचे. शेकड्याने आहेत. बाहेर आता नाकात कापूस घातलेला बघून काय करणार? इथे बस, निवांत बघ."

ती थांबली. "व्हय, सांगायची ती फोनवर. भाऊ रोज फोटू काढतात म्हणून." मघाची शहरी भाषा गेली आणि गावची आली. "त्वांड दिसतंय ना नीट?"

"त्यासाठीच तर काढले," मी म्हणालो. चार महिने रोज काढलेत म्हणजे चेहरा असणारच, असं त्या क्षणी वाटत होतं. खोटं बोलतोय असं मला खरंच वाटलं नाही. ती पोटाला हात लावून सावकाश माझ्या खुर्चीत बसली. माझ्या शब्दावर बसली.

मी लॅपटॉप उघडला, फोल्डर उघडलं. पहिला चौकोन कानाच्या पाळीचा होता. कुडीचा एक मोती आणि भोवती तांबूस दाणे. दुसरा तोच, धाकट्याचा. तिसरा गळ्याच्या सावलीचा. मी भराभर पुढे जाऊ लागलो. डोळ्याखालची कड. पदराचा काठ. हनुवटीचा अर्धा भाग. पुन्हा कान. पुन्हा कड. ती जरा पुढे वाकली. "हे काय?"

"हा कानाजवळचा भाग," मी म्हणालो. "थोरला कॅमेरा, आयएसओ सहा हजार चारशे."

माझ्या तोंडून हे बाहेर पडलं. सवयीने, वाचकाला सांगावं तसं. मला माझाच आवाज ऐकू आला.

"अख्खा कुटंय?" तिने विचारलं.

मी फोल्डर खालपर्यंत बघितलं. मग टोपली बघितली. ती रिकामी होती. दोन्ही कॅमेऱ्यांतली कार्डं काढून लावून बघितली. कोरी. घाईत एक कार्ड खाली पडलं आणि ते शोधायला मी गुडघ्यावर बसलो. पलंगाखाली डोकं घातलेलं असतानाच मला समजलं की शोधण्यात काही अर्थ नाही. माझ्याइतका व्यवस्थित माणूस काही मागे सोडत नाही. चार महिने ती बाई माझ्यासमोर रोज तासभर बसली आणि मी तिचा एकही चेहरा ठेवला नव्हता. छापायचा नव्हता तिला. ठेवू नका असं ती कधी म्हणाली नव्हती.

बाहेर एकदम गलका उठला, बायकांचा रडण्याचा आवाज चढला. तिरडी उचलली होती. लेक ताडकन उभी राहिली आणि दाराकडे आली. या वेळी मी बाजूला झालो. कशासाठी अडवणार होतो? ती अनवाणी अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत गेली, मीही मागे गेलो. माणसं रस्त्याच्या वळणावर पोचली होती. पुढे मडकं घेतलेले तिचे वडील, आणि मागे नुसत्या पाठी. आम्ही दोघं बघत असताना त्याही दिसेनाशा झाल्या.

मला वाटलं ती मला काहीतरी बोलेल. तिने बोलायला हवं होतं. ती परत येऊन त्याच खुर्चीत बसली आणि स्वतःच एकेक चौकोन बघू लागली, फार हळू. एका चौकोनावर बराच वेळ थांबली. डोळ्याखालची कड होती ती. मग स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "मामा, तुमी सकाळपासनं अंगणात होता ना? तिच्याजवळ?"

"होतो."

"मग तुमी सांगा. कशी दिसत हुती? तोंडावर तरास हुता का?"

मी सांगायला तोंड उघडलं. मी ताईपासून हातभर अंतरावर अर्धा तास उभा होतो. हार मीच सरळ केला होता. तिच्या गळ्याखालची सावली कुठल्या आयएसओला निळी पडते हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. मी डोळे मिटले आणि तो चेहरा आठवायला लागलो, तर कुडी आली, पदराचा काठ आला, कपाळाचा एक तुकडा आला. तोंड कसं होतं ते येईना. मिटलं होतं की उघडं होतं, तेही येईना. मी घाबरून गेलो. ती वाट बघत होती.

"उजेड कमी होता," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली आणि मग माझ्या मागच्या उघड्या दाराकडे बघत राहिली. अकरा वाजून गेले होते. फाल्गुनातलं ऊन उंबऱ्याच्या आत आलं होतं आणि अंगणाकडे बघताना डोळे बारीक करावे लागत होते.