पायांनी पाडलेली वाट

निरोप आला तेव्हा माझ्या तांब्यातले अर्धे पाणी कडुलिंबाच्या आळ्यात पडले होते आणि अर्धे उरले होते. आमच्यातला बसवराज, एस.टी.तला कंडक्टर, सायकलवरून आला आणि खाली न उतरताच म्हणाला, "अण्णा गेले." आम्ही आठजण होतो. मग बसवराजनेच सायकल कुंपणाला टेकवली, हँडलला अडकवलेला पाण्याचा डबा काढला आणि आपल्या वाट्याच्या रोपांना पाणी घातले. आम्हीही आपापले पाणी संपवले आणि त्यानंतरच मल्लय्याअण्णांच्या घराकडे निघालो. त्याबद्दल आम्हाला पुष्कळ नावे ठेवली गेली. तिकडे माणूस गेला आणि हे झाडे शिंपत बसले... मी भिडस्त मनुष्य; तेव्हा कोणाला उत्तर दिले नाही. आज महिन्याभराने, आयुष्यात प्रथमच छापण्यासाठी लिहिताना, ते देतो. आम्ही योग्य तेच केले. पाणी तसेच सांडून गेलो असतो, तर अण्णांनी तिरडीवरून उठून जाब विचारला असता.

अण्णा गिरणीत विणकाम खात्यात जॉबर होते, म्हणजे मागांवरच्या कामगारांचे मुकादम. घरी तेलुगू, गिरणीत मराठी आणि संतापले की दोन्ही. मी हायस्कुलात संस्कृत शिकवतो. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी मधुमेह सांगितला आणि चालण्याची सक्ती केली. कोणी विद्यार्थी पाहील या संकोचाने मी उजाडण्यापूर्वी मैदानाच्या भिंतीला लागून चालत असे. मधून पाचसहा माणसे पळत जात, निम्मी अनवाणी. एके दिवशी त्यांच्यातला सर्वांत काटकुळा गृहस्थ माझ्या बरोबरीने येऊन म्हणाला, "सर, भिंतीला धरून किती दिवस चालणार? भिंत काय पळत न्हाय की." त्या दिवशी मी साठ पावले पळालो. अण्णांनी ती मोजली होती, हे मला पुढे कळले.

ही मंडळी नुसती पळत नसत. गिरणीच्या चाळीमागे पडीक जागा होती, सगळ्या वस्तीचा कचरा तिथे पडे. पळणाऱ्यांनी ती उपसून कडुलिंब, करंज आणि हादगा लावला होता, एका कडेला चाळीसाठी दोडका आणि घेवडाही. मग दुष्काळाची ती वर्षे आली. माणसांनाच पाणी नाही, तिथे झाडांना कोण विचारतो? अण्णांनी नियम घातला. प्रत्येकाने घरातून एकदा वापरलेले पाणी, तांदूळ धुतलेले असो की भांडी विसळलेले, तांब्यात घ्यायचे आणि तो तांब्या हातात धरून बागेपर्यंत पळायचे. सांडले, तर घरी परत जाऊन नवे आणायचे. आता पहाटे हातात तांब्या घेऊन घाईने पळणाऱ्या माणसाकडे पाहून आपल्या गावात कोणता तर्क केला जातो, हे सोलापूरकरांना सांगायला नको. चहाच्या टपरीवरून रोज विचारणा होई, "काय मास्तर, लई घाई झाली व्हय?" मी तांब्या पिशवीत लपवू लागलो. अण्णांनी ती पिशवी काढून घेतली आणि टपरीसमोर उभे राहून शांतपणे सांगितले, "घाई झाडास्नी झालीया. तुमची बादली द्या, लवकर उरकंल." दुसऱ्या दिवसापासून टपरीवाल्याने कपबश्या विसळलेले पाणी आमच्यासाठी राखून ठेवले.

पाणी हिंदकळू नये म्हणून आम्ही सपाट जागा निवडून, एकामागे एक, नेमक्या एकाच रेषेत बागेतून पळत असू. दुष्काळ सरला, झाडे डोक्याच्या वर गेली, पण आमची रेष कायम राहिली. ती घट्ट झाली, पांढरी पडली, तिच्यावरून सायकलीही जाऊ लागल्या. आम्हाला तिचा अभिमान वाटे. त्याच सुमारास जागेची मोजणी झाली. कचेरीतून आलेला मोजणीदार सरळ माणूस होता. जमिनीवर जे दिसले, ते त्याने कागदावर उतरवले. आणि जमिनीवर बागेच्या मधोमध वहिवाटीचा रस्ता दिसत होता. आता तो रुंद आणि पक्का होणार, दोन्ही बाजूंची एकवीस झाडे जाणार, असे कळले. ज्यांनी झाडे जगवली, त्यांच्याच पायांनी ती तोडायला वाट करून दिली होती.

अर्ज लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. मी दोन संध्याकाळी खर्चून चार पाने लिहिली. कृपावंत होऊन, सहानुभूतिपूर्वक, आमच्या अज्ञानाची क्षमा करून... अण्णांनी डोळे मिटून सगळे ऐकले.

"सर, ह्यात आपण माफी मागायलोय व्हय?"

"तशी पद्धत असते, अण्णा."

"कशाची माफी? झाडं लावल्याची?"

मी अर्जाची घडी घातली. मोजणीदार पडताळणीसाठी महिन्याने पुन्हा येणार होता. दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा टिकाव घेऊनच आले. चार वर्षांत आम्ही ती जमीन अशी ठोकून काढली होती, की टिकावाच्या घावाला ठिणगी पडे. अठरा दिवस आम्ही आमचीच वाट खणत होतो. तिच्यात खत भरले आणि बरोबर तिच्या रेषेवर कडुलिंबाची रोपे लावली. अण्णांचा नवा नियम त्याच दिवशी सुरू झाला: यापुढे बागेत कोणीही कालच्या वाटेने पळायचे नाही. ऐकायला सोपा, पाळायला महाकठीण. तिसऱ्याच दिवशी मी सुभाषित पुटपुटत पळत होतो आणि माझे पाय जुन्या रेषेवर गेले. एक रोप मुळाशी मोडले. शरमेने मी घरी निघालो, तर अण्णांनी दंड धरला. "पाय म्हंजे घाण्याचे बैल, सर. सोडलं की तितंच जात्यात. येसण आपल्या हातात पायजे." मोडलेल्या जागी नवे रोप त्यांनी माझ्याच हाताने लावून घेतले.

मोजणीदार आला. नकाशा पाहिला, जमीन पाहिली, पुन्हा नकाशा पाहिला. इथली वाट कुठे गेली, असे त्याने विचारले. अण्णा म्हणाले, "आमचीच होती, साहेब. आमी परत घेतली." तो गृहस्थ हसला नाही. तसे कोणाला तरी लेखी द्यावे लागेल, म्हणाला. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. माझी नोकरी अनुदानित शाळेतली. सरकारी नकाशा खोटा ठरवणाऱ्या कागदावर सही करायची, म्हणजे तिच्याशीच खेळ. अण्णा मात्र माझ्याकडे पाहत नव्हते. वाकून एका रोपाचे आळे नीट करत होते. मी चार पानांचा अर्ज खिशात ठेवला आणि कोऱ्या कागदावर दोन वाक्ये लिहिली. ही वाट आम्ही पाडली. ती आम्हीच मोडली. खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि सही. आजवर मी लिहिलेले सर्वांत चांगले मराठी तेच असावे. रस्ता पुढे बागेला वळसा घालून गेला.

कापसाच्या तंतूंनी अण्णांची छाती भरली होती. शेवटच्या वर्षी ते पळत नसत, चालत येत, अधूनमधून झाडाला टेकत, पण तांब्या दुसऱ्याच्या हाती देत नसत. शोकसभेत एका प्रतिष्ठित गृहस्थांनी सुचवले, की फाटकापासून अण्णांनी लावलेल्या पहिल्या कडुलिंबापर्यंत फरशीची पायवाट करून तिला त्यांचे नाव द्यावे. टाळ्या पडल्या. मी कधीच सभेत बोललेलो नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, "नको. त्या माणसाने आयुष्यात एक वाट मोडली, तिच्याच जागी दुसरी घालू नका." वाक्य पूर्ण करूनच खाली बसलो. काहीजण अजून माझ्यावर रागावले आहेत. राहोत.

अण्णांचा तांब्या त्यांच्या पत्नीने माझ्याकडे दिला आहे. काठाला पोचा आहे. धरताना अंगठा आपसूक त्यात बसतो. रोज पहाटे तो भरून मी उघड्या हाताने टपरीसमोरून पळत जातो. काल बागेत दोडक्याच्या मांडवाकडून शिरलो, आज करंजाच्या मागून. उद्या कुठून शिरेन, ते मला अजून ठाऊक नाही.