पेवाच्या तोंडावरचा जावई

किशनराव माझ्या आत्याचा नवरा. नात्यानं मामा लागतो, पण त्याला मामा म्हणायला माझी जीभ रेटत न्हाई. तो मरून लय वर्षं झाली. तरी मी त्याला नावं ठेवते, आन् जिती हाय तवर ठेवणार.

पाथरीकडचा गडी. शेत बेताचं, मेंढरं बेताची, अक्कल त्याहून बेताची. रुबाब मात्र असा की निजामानं सगळी जहागीर ह्याच्याच नावावर करून दिलीय. आन् एवढ्या रुबाबाला भांडवल काय, तर दम. विहिरीत बुडी मारून तळाचा दगड धरून बसायचा, वरचे लोक घाबरे झाले की मग डोकं वर काढायचा. पोखर्णीच्या जत्रेत शंख तोंडाला लावला की थांबायचाच न्हाई. लोक दर्शनाला आलेले, त्यांना देवाच्या आधी ह्याचे फुगलेले गाल बघावे लागायचे. "श्वास आपला नोकर हाय," असं सांगत फिरायचा. "आपण सांगू तवर त्यानं थांबायचं." दुसरं काही येत नसलं की माणूस नाकातोंडातल्या हवेचाबी मोठेपणा करतो.

आमचं गाव चारठाण्याच्या अंगाला. माझा बाप मुंजाजी, आन् कासाआत्या त्याची धाकटी बहीण. किशनराव सासरवाडीला आला की घोंगडी झटकून अंथरायची, त्याचं जेवण झाल्याबिगर कुणी हात धुवायचे न्हाईत, आन् त्याचा शब्द खाली पडू द्यायचा न्हाई. जावयाला दुखावलं तर त्याची फेड बहिणीला सासरी करावी लागती, हे माझ्या बापाला चांगलं ठाऊक व्हतं. म्हणून हा काय वाट्टेल ते बोलायचा आन् माझा बाप मान डोलवायचा. मला ते बघवायचं न्हाई.

ते लेव्हीचं साल व्हतं. सरकारी माणसं गावोगाव फिरून ज्वारी मोजायची आन् उचलून न्यायची. आमची ज्वारी पेवात व्हती. गावाबाहेर उंचवट्यावर जमिनीत खोल खड्डा, आत कडब्याचं अस्तर, तोंड माणूस कसाबसा मावेल एवढं, त्यावर फरशी आन् वरून चिखलाचा लेप. पेव उघडायची एक रीत असती. फरशी काढायची, रातभर तसंच ठेवायचं, दुसऱ्या दिशी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं न्हाई. आत वाफ हाय म्हणायचे लोक.

ही वाफ कशाची, ते माझ्या ल्योकानं मला सांगितलं. तो मास्तर झाला. ज्वारीचा दाणा मेलेला नसतो. तोबी श्वास घेतो, आपल्यासारखाच, फक्त गुमान. हवेतला जिवाला लागणारा भाग तेवढा घेतो आन् निकामी हवा बाहेर टाकतो. ही टाकलेली हवा जड असती, ती वर येत न्हाई. बंद पेवात महिनोन् महिने दाण्यांचा हाच धंदा चालतो, मग माणसानं आत जाऊन काय ओढायचं? गावाला हे एवढं ठाऊक नव्हतं, पण कंदील सोडायचा एवढी अक्कल व्हती. ती नव्हती एका किशनरावाला.

लेव्हीवाले उद्या येणार अशी खबर सकाळी आली. वाफ मरायला रात लागणार, तेवढा वेळ नव्हता; म्हणून गावानं ठरवलं, कुणाच्या पेवाला आज हात लावायचा न्हाई, जे व्हईल ते व्हईल. पण आमच्या घरी जावई बसलेला. "रातभर कशाला थांबायचं? आजच उपसू," म्हणला. "दुपारपतुर चार पोती मेंढरांच्या वाड्यात लपवून टाकू."

शेजारचा आश्रुबा म्हातारा व्हता, त्यानं सगळ्या गावाची पेवं उघडलेली. तो म्हणला, "पाव्हणं, वाफ मरू द्या आधी."

किशनराव हसला. "वाफेला काय भ्यायचं? दम धरायचा. मी शिकवलाय मुंजाजीला."

शिकवला व्हता म्हणे. आदल्या दिशी ओसरीवर बसून, माझ्या बापाचं नाक चिमटीत धरून. ओसरीवर बसून दम धरणं येगळं आन् पेवात वाकून टोपली भरणं येगळं, हे त्या शहाण्याला कळलं न्हाई. विहिरीत दगड धरून बसलेल्या माणसाला हवा थोडी लागती. राबणाऱ्याला दुप्पट-तिप्पट लागती. आन् दम धरला म्हणून अंगातलं निकामी वारं कुठं जातंय व्हय? ते रक्तात साचत राहतं, साचलं की छाती आपसुक उघडती. तेव्हा समोर कसली हवा हाय ते छाती बघत न्हाई.

फरशी काढली. आश्रुबानं कंदील सोडला, तो वीतभर आत गेला न्हाई तोच विझला.

"वाऱ्यानं गेला," किशनराव म्हणला.

पानसुद्धा हलत नव्हतं. आश्रुबानं माझ्या बापाकडं बघितलं, बापानं आत्याकडं बघितलं. आत्या मानेनं न्हाई-न्हाई म्हणायली व्हती. पण जावई म्हणला, "का रं मुंजाजी, माझ्यावर इस्वास न्हाई?" मग माझ्या बापानं धोतर खोचलं, छाती भरून श्वास घेतला आन् उतरला. कमरेला दोरबी बांधू दिला न्हाई किशनरावानं, टोपलीच्या दोरात गुंततो म्हणे.

एक टोपली वर आली, तीबी अर्धी. दुसरी आलीच न्हाई.

आत्यानं हाका मारल्या. मग ती नवऱ्याकडं वळली. "उतरा की. तुमचा दम लय हाय ना?"

किशनराव चार पावलं मागं सरला. "जावयानं सासरवाडीच्या पेवात उतरू नये," म्हणला.

अशी रीत कुठं नव्हती. त्यानं ती उभ्या उभ्या काढली.

आश्रुबानं घोंगडी दोराला बांधून पेवात सोडली, वर ओढली, परत सोडली. खालची वाफ ढवळून बाहेर काढायची हीच एक तऱ्हा. आत्या आन् माझी माय दोर ओढत राहिल्या, हाताची सालटं निघाली. कंदील तळापतुर जळत गेला तेव्हा आश्रुबा उतरला आन् माझ्या बापाला वर आणलं. तोवर सगळं संपलं व्हतं.

तेराव्याला जेवताना किशनराव पंगतीत म्हणला, "काय करावं, मुंजाजीला दम कमी पडला." भात कालवत म्हणला. आत्यानं त्याच्या पुढचं ताट उचललं आन् कुत्र्याला घातलं. त्या दिवसापासून ती आमच्या घरी राहिली, माझ्या मायच्या जोडीनं शेत करू लागली.

पेरण्या झाल्यावर तो चार पंच घेऊन तिला न्यायला आला. बायको माहेरी बसली म्हणून त्याची भावकीत इज्जत जायली व्हती. पंच म्हणाले, झालं गेलं इसरून जा, बाईमाणसानं नांदावं. ह्यावेळी गावबी त्यांच्याच बाजूनं व्हतं. आत्या एकटी पडली.

ती म्हणाली, "येते. पण आधी ह्यांनी पेवात उतरून दाखवावं."

पेव तेव्हा रिकामं व्हतं, आठवडाभर उघडं पडलेलं. आश्रुबानं सगळ्यांसमोर कंदील सोडला. तळाला गेला, थीर जळत राहिला. आत्या स्वतः दोर धरून उतरली, आतलं चिपाड झाडलं, वर आली, लुगडं झटकलं. तिला धापसुद्धा लागली नव्हती.

"जा," ती म्हणाली.

पंच किशनरावाकडं बघायले. तो पेवाच्या तोंडाशी आला, वाकला, आत बघितलं. मग नाक वर ओढून म्हणला, "आज मला सर्दी झालीय."

"दादालाबी त्या दिशी सर्दी व्हती," आत्या म्हणाली. "तुमचा शब्द मोडू नये म्हणून बोलला न्हाई."