वर्लीनचे उघडे हात

गोदामात शिरताना सगळे हातमोजे चढवतात. कुणाचे बागकामाचे, कुणाचे रबरी, आणि नाओ वांगचे तर वेल्डिंगवाल्यासारखे कोपरापर्यंत चामड्याचे. जुन्या सामानाच्या हौदात काय असेल त्याचा नेम नसतो. फुटलेल्या बरण्या निघतात, उघडे वस्तरे निघतात, कधी कुणाची टोचून फेकलेली सुईसुद्धा. वर्लीन स्टॅमी मात्र उघड्या हातांनी यायची. टेरेल, म्हणजे गोदामाचा मुकादम, तिला दर महिन्याला एकदा बजावायचा आणि ती दर महिन्याला एकदा "बरं" म्हणायची.

आसपासच्या गावांतल्या धर्मादाय दुकानांत लोक जुनं सामान देतात. तिथे जे विकलं जात नाही ते ट्रकने इथे येतं. इथे ते चाकांवरच्या निळ्या हौदांत ओततात आणि वजनावर विकतात. इथूनही उरलं तर त्याची गाठोडी बांधून बोटीवर चढवतात. त्या अधल्यामधल्या वेळेत जे हाती लागेल त्यावर आम्ही काही जण जगतो. मी जुने रेडिओ आणि ॲम्प्लिफायर शोधतो आणि घरी दुरुस्त करून विकतो. नाओ हत्यारं शोधतो, पान्हे, रंधे, करवती. वर्लीन कापड शोधायची.

नवे हौद आत येताना सगळ्यांनी पिवळ्या पट्ट्यामागे थांबायचं असतं. शेवटच्या हौदाचं चाक अडकवून टेरेल "चला" म्हणेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मग जी झुंबड उडते तिच्यात वर्लीन कधी नसायची. सगळे पुढच्या हौदांवर तुटून पडले की ती सावकाश मागच्या एका हौदाशी जायची, दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालायची आणि वर छताच्या दिव्यांकडे बघत उभी राहायची. बघणाऱ्याला वाटावं, हिचं काही हरवलंय. थोड्या वेळाने ती एक बाही ओढायची आणि बाहीमागून अख्खा स्वेटर बाहेर यायचा. लेबल कापलेलं असायचं, रंग मातकट, कुणी ढुंकूनही बघितला नसता असा. तो कश्मिरी लोकरीचा असायचा.

मला विजेचं काही कळायचं तर मीटर लावावा लागतो. तिला मीटर लागत नसे.

हे ती गिरणीत शिकली होती. आमच्या भागात पूर्वी दर वळणावर मोज्यांची गिरणी होती. वर्लीन शाळा सुटल्या सुटल्या तपासणीच्या टेबलावर बसली. बायकांचे तलम मोजे पंजावर चढवायचे, बोटं फाकवायची आणि सुटलेला टाका शोधायचा. नख जरा खरखरीत असलं तरी मोजा त्यात अडकून उसवायचा, म्हणून तपासणीच्या बायका घरी भांडीही रबरी हातमोजे घालून घासत आणि झोपताना हातांना मलम चोपडत. पुढे गिरणी बंद पडली. यंत्रं खोक्यांत भरून समुद्रापार गेली. वर्लीनची मलमाची सवय राहिली.

"असले मऊ हात घेऊन तू या उकिरड्यात काय करतेस?" नाओ तिला चिडवायचा. "एखादा पैसेवाला म्हातारा गाठ."

"गाठला होता," वर्लीन म्हणायची. "म्हातारा खरा निघाला. पैसेवाला नव्हता."

तो म्हातारा, म्हणजे तिचा नवरा हॉइल, केव्हाच गेला होता. ती हमरस्त्याच्या पलीकडे, भाड्याच्या जागेवर उभ्या केलेल्या फिरत्या घरात एकटी राहायची. तिचा शोधलेला माल डोंगरावरच्या शहरातली एक दुकानदारीण, लॅनिंगबाई, घेऊन जायची. लॅनिंगबाई पिशवी उघडूनही बघत नसे. वर्लीनने दिलं म्हणजे ते अस्सल असणारच.

त्या हिवाळ्यात वर्लीन महिनाभर दिसली नाही. परत आली ती निम्मी होऊन. मोठ्या आतड्यातली गाठ काढली होती आणि आता एका आठवड्याआड छातीत बसवलेल्या नळीतून औषध चालू होतं. औषधाचा एक भाग इस्पितळात द्यायचे आणि उरलेला घरी घेऊन जायचा असायचा. कमरेला एक छोटी काळी पिशवी, त्यात पंप, पंपाची नळी सदऱ्याखालून वर गेलेली.

"नवी पर्स?" नाओने विचारलं.

"हो. फार भारीतली आहे. उघडायची मात्र नाही."

मग तिने कोटाच्या खिशातून लोकरीचे हातमोजे काढून घातले आणि रांगेतली सगळी माणसं तिच्या हातांकडे बघायला लागली. ते औषध घेतलं की गार वस्तूला हात लावता येत नाही, विजेचा झटका बसल्यासारखं होतं, असं तिने सांगितलं. ढकलगाडीची लोखंडी दांडीसुद्धा धरवत नाही म्हणाली. गार चहाचा घोट घेतला तर घशात काच अडकल्यासारखी वाटते. हे दोनचार दिवस चालतं, मग जातं. तसं ते गेलंही. पुढच्या आठवड्यात तिचे हात पुन्हा उघडे होते आणि नाओने सुटकेचा निःश्वास टाकलेला मी बघितला.

वसंतात एका सकाळी लॅनिंगबाई वाहनतळावर वर्लीनची वाट बघत उभी होती. मी माझ्या गाडीत रेडिओ ठेवत होतो, त्यामुळे ऐकू आलं.

"वर्लीन, मागच्या वेळच्या पिशवीत अर्धं ॲक्रिलिक होतं. दुसरी कुठली पिशवी आणलीस का चुकून?"

"हो का?" वर्लीन म्हणाली. "चुकूनच आली असणार. दे इकडे."

"मी एका गिऱ्हाइकाला विकलं गं त्यातलं एक. ती परत घेऊन आली."

"माझ्या नावावर टाक."

"नावावर टाकायचं नाही मला. तू बरी आहेस ना, एवढंच विचारते."

"माझं वजन वाढलंय," वर्लीन म्हणाली. ते खोटं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी, पावसाची भुरभुर चालू असताना, ती तिच्या गाडीच्या मागच्या दाराआड वाकून काहीतरी करताना मला दिसली. मला वाटलं उलटी होतेय, म्हणून धावलो. ती स्वेटरातून एक धागा उपसून लायटरवर जाळत होती. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो, ॲक्रिलिकचा, म्हणजे नकली लोकरीचा, वितळून काळा मणी होतो. तिच्या पायाशी असे बरेच काळे मणी पडले होते.

"मिस वर्लीन," मी म्हणालो, वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे सगळे अशीच हाक मारतात, "तुम्हाला कधीपासून जाळून बघावं लागायला लागलं?"

तिने लायटर विझवला. "बस आत. भिजतोयस."

गाडीत बसल्यावर तिने दोन्ही हात मांडीवर ठेवून उताणे केले आणि ते दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिली.

"बोटांवर कुणीतरी मोजे चढवलेत असं वाटतं," ती म्हणाली. "जाडे. हिवाळी."

"डॉक्टरला सांगितलंत?"

"नर्स दर वेळी विचारते. मुंग्या येतात का, गुंड्या लावता येतात का. मी म्हणते, लावते की." तिने अंगातला बिनगुंड्यांचा सदरा चिमटीत धरून दाखवला. "सांगितलं तर ते औषध काढून टाकतील, कोडी. आणि काढलं आणि ते दुखणं परत आलं, तर?"

"आणि बोटं?"

"बोटं येतात परत, बऱ्याच जणींची. मी विचारलंय. म्हणजे चुलतबहिणीच्या नावाने विचारलंय. आता थोडेच डोस राहिलेत. तेवढे होईपर्यंत लॅनिंगबाईच्या पुढ्यात कसंतरी निभवायचं. मला दुसरं काही येतं का? वाणसामानाच्या दुकानात उभी राहू या पायांवर?"

 मी हे नाओला सांगितलं. तो म्हणाला, "ते सगळ्यांना माहीत आहे. ती आता हौदाकडे बघून शोधते."

खरंच होतं ते. तिची नजर छताच्या दिव्यांवरून खाली आली होती. ती एकेक कपडा बाहेर काढून, उलटापालटा करून, शिवण डोळ्यांजवळ नेऊन बघायची, आणि तेवढ्यात बाकीचे चार हौद उपसून मोकळे व्हायचे.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी गर्दी होती. ट्रक मोठ्या गावाकडून आला होता आणि तिकडचे लोक चांगलं सामान टाकतात. टेरेलने "चला" म्हटल्यावर वर्लीन पहिल्यांदाच धावताना दिसली. तिने मधला हौद धरला. तिच्या समोरच्या बाजूला चादरी शोधणारी एक बाई होती, शेजारी नाओ. वर्लीनने जुन्या सवयीने दोन्ही हात आत घातले आणि भराभर उपसायला लागली.

"वर्लीन," नाओ म्हणाला. मग जरा मोठ्याने, "वर्लीन, हात बाहेर काढ."

"थांब, काहीतरी लागलंय."

लागलं होतं ते फुटलेल्या बरणीचं बूड. उजव्या पंजाला ते आडवं चिरत गेलं होतं, आणि ती तशीच उपसत राहिली होती. पांढऱ्या उशांचे अभ्रे, लहान मुलांचे सदरे, सगळ्यांवर रक्त झालं होतं. तिच्या हातात एक करडा स्वेटर होता, त्याची एक बाही लाल होऊन ठिबकत होती. ती त्याच्याकडे नव्हे, आमच्या चेहऱ्यांकडे बघत होती, आणि आमच्या चेहऱ्यांवरून तिला काही कळत नव्हतं.

टेरेल आला. रक्त लागलं की अख्खा हौद बाद, असा नियम आहे. त्याने हौदाची चाकं सोडली आणि पिवळी फीत मागवली.

"माझा कोट आहे त्यात," चादरीवाली म्हणाली. "मी धरला होता आधीच. आता तो पण जाणार? हातमोजे घालायला काय होतं लोकांना?"

"मिस वर्लीन, ते सोडा," टेरेल म्हणाला.

"हे चांगलं आहे. हे तेवढं घेऊ दे मला. धुतल्यावर निघेल."

"सोडा. हात बघा तुमचा."

तिने बघितलं. स्वेटर खाली पडला. नाओने आपला चामडी हातमोजा दातांनी ओढून काढला आणि तिचं मनगट घट्ट आवळून धरलं. औषधाने रक्त पातळ झालेलं असावं, ते थांबेना. मी गाडी काढली. गोदामातून बाहेर पडताना मागे वळून बघितलं, तर तो करडा स्वेटर जमिनीवरच होता आणि त्यावरून माणसं नीट पाय उचलून पलीकडे जात होती. तो साधा ॲक्रिलिकचा होता. शिवणीत लेबल अर्धं शाबूत होतं.

इस्पितळात टाके घातले. टाके घालणारा तरुण डॉक्टर चांगला होता, घाई करत नव्हता. त्याने विचारलं की एवढं कापलं तरी कळलं कसं नाही, आणि वर्लीन म्हणाली की कामाच्या नादात. मग त्याने तिला डोळे मिटायला सांगितले आणि दुसऱ्या, धड हाताच्या बोटांना टाचणी टोचत गेला. टोचली की सांगा, म्हणाला. अंगठा झाला. पहिलं बोट झालं. करंगळीपर्यंत जाऊन तो परत अंगठ्यावर आला. वर्लीन डोळे मिटून, हनुवटी वर करून, शहाण्या मुलीसारखी बसली होती.

"केव्हा सुरू करताय?" तिने विचारलं.

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं आणि टाचणी ट्रेमध्ये ठेवली.

त्यानंतर लपवण्यासारखं काही उरलं नाही. बोटं मारणारं औषध त्यांनी बंद केलं, दुसरं चालू ठेवलं. एवढ्यानेही पुरेल कदाचित, असं तिला सांगितलं. हेही सांगितलं की औषध थांबलं तरी बधिरपणा काही महिने वाढतच राहू शकतो, आणि मग कमी होईल किंवा होणार नाही. तो वाढला. मनगटापर्यंत आला, तळपायांत उतरला. रस्त्यावर चालताना ती पाय कुठे पडतोय ते बघत चालायला लागली. लॅनिंगबाईने दोनदा फोन केला आणि मग केला नाही.

उन्हाळा संपता संपता ती परत आली. हातमोज्यांशिवाय आत सोडायचं नाही, असं आता टेरेलला वरून लेखी आलं होतं. ती बाहेर वाहनतळावर नाओसाठी थांबली होती. तिच्याकडे घरच्या कपाटातले दोन स्वेटर होते, दोन्ही तपकिरी, दोन्हींची लेबलं कापलेली, पण त्यातला एकच कश्मिरी.

"हत्यारांत आता काही राहिलं नाही म्हणतोस ना," ती नाओला म्हणाली. "कापड शीक. मी सांगते तसं कर. निम्मं तुझं, निम्मं माझं."

"माझे हात बघितलेस? गेंड्याची कातडी आहे."

"तळव्याने नाहीच करायचं. बोटांची पाठ लाव, नखाच्या मागची. डोळे मीट."

नाओने वाहनतळाच्या मधोमध उभं राहून डोळे मिटले. वर्लीनने पिशवीत हात घातला. एका स्वेटरवर बोटं मिटली आहेत की नाहीत हे बघूनच तिला तो उचलावा लागला, मग दुसरा. दोन्ही तिने त्याच्या दोन हातांवर टाकले.

"दाबू नकोस. कापड आपणहून अंगावर येऊ दे. एक लगेच ऊब धरेल, धरून ठेवेल. दुसरं किंचित चुरचुरेल, जीभ कोरडी पडल्यासारखं. घाई नको करू."

नाओने खूप वेळ घेतला. त्याच्या कपाळावर घाम आला. लग्नाच्या रात्रीसुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो, असं तो पुटपुटला आणि वर्लीन हसली. मग त्याने डावा हात पुढे केला.

"हे. हे खरं. बरोबर?"

वर्लीनने तो स्वेटर घेतला. बोटांत चोळला. बोटांच्या पाठीने चोळला, मग मनगटाने. दुसराही घेतला. तिच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. पिशवीतून काढताना कुठला कुठल्या हातावर ठेवला हे तिच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि ते लक्षात ठेवायची गरज तिला जन्मात कधी पडली नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला कुठलं कळतंय.

"सांग ना," नाओ डोळे मिटूनच म्हणाला. "बरोबर आहे का?"

"मला काय विचारतोस," वर्लीन म्हणाली, आणि दोन्ही स्वेटर तिने एकाच पिशवीत कोंबले.