साक्षीदार क्रमांक चार

कॉलेजात सगळे त्याला 'तळटीप' म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं. चहात साखर कमी आहे असं कुणी म्हटलं तरी हा विचारणार, कशावरून? गृहस्थ इतिहासाचा प्राध्यापक, तोही हंगामी. दर उन्हाळ्यात नोकरी जायची आणि सुट्टी संपली की प्राचार्यांच्या मेहरबानीनं परत मिळायची. केस पिकले तरी कायम होण्याचं नाव नाही.

म्हणून आधुनिक ब्रिटनच्या इतिहासावरची परिषद त्याच्याच कॉलेजात भरली तेव्हा तो इरेला पेटला. अध्यक्ष म्हणून आलेले पाहुणे निवडक निबंधांचं पुस्तक काढणार होते. त्यात निबंध लागला तर नोकरी पक्की, असं प्राचार्यांनी सांगून ठेवलं होतं.

विषय होता, ब्रिटनच्या इस्पितळांतल्या धुलाईखान्यांत राबलेल्या परदेशी बायका. तिघींच्या जबान्या त्याला जुन्या कागदांत सापडल्या. चौथी घरातच होती, आत्या. तिनं ऐन तारुण्य तिकडे चादरी उकळण्यात घालवलं, आणि भाऊ-भावजय गेल्याचं कळल्यावर सगळं सोडून आली, याला वाढवायला. जेवणं झाली की ती बोलायची आणि हा टेप लावून बसायचा. बाई खुशीत यायची. तिथली मुकादमबाई किती मायेची होती, तिनं आपल्याला सायकल कशी शिकवली, सगळं रंगवून रंगवून सांगायची.

निबंधात आत्या झाली 'साक्षीदार क्रमांक चार'. या धंद्यात घरच्या माणसाची साक्ष कच्ची धरतात, म्हणून नातं त्यानं गुपचूप गाळलं.

परिषदेला येऊ नकोस, कंटाळशील, असं तो तिला बजावून गेला होता. ऐकेल तर ती आत्या कसली! याचं भाषण रंगात आलं होतं, तोच ठेवणीतले कपडे घालून बाई आत आली आणि तिसऱ्या रांगेत ऐसपैस बसली. भाषण इंग्रजीत होतं, पण तिला काय त्याचं? अर्धं आयुष्य त्याच भाषेत काढलेलं.

त्यानं हातातले कागद चाळले. पुढचं पान गाळावं का? पण पाहुणे छापील प्रत समोर धरून ओळीवर बोट फिरवत होते. मग वाचलं. साक्षीदार क्रमांक चार अल्पशिक्षित आहे. झालेल्या अपमानांवर ती पांघरूण घालते. मुकादमबाईच्या मायेच्या गोष्टी तिनं बहुधा मनानंच रचल्या आहेत. तिच्या शब्दावर विसंबता येत नाही. सायकलचा उल्लेख आला तेव्हा आत्यानं हौसेनं शेजारणीला कोपरानं ढोसलं होतं. आता ती मान खाली घालून रुमालाच्या घड्या घालत बसली.

पाहुण्यांनी एकच प्रश्न विचारला. "ही चौथी साक्षीदार तुमच्या नात्यातली वगैरे आहे का?"

"नाही," तो म्हणाला. "कामापुरती भेट झाली होती."

त्याला तिसऱ्या रांगेकडे बघवेना. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तरी टाळ्या पडल्या तेव्हा त्यानं वाकून नमस्कार केलाच.

चहाच्या वेळी पाहुण्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निबंध पुस्तकात घेतल्याचं सांगितलं. तेवढ्यात आत्या कप सांभाळत समोर आली. आता ही सगळ्यांदेखत आपले कान उपटणार, हे तो धरूनच चालला, आणि उपटावेतच, असंही त्याला मनापासून वाटलं. पाहुण्यांनी अदबीनं विचारलं, आपण यांच्या ओळखीच्या का?

"नाही हो, मी कुठली! सहज ऐकायला आले होते," आत्या म्हणाली. मग याच्याकडे वळली. "छान बोललात, सर."

एवढं झाल्यावर तरी माणसानं तोंड उघडावं की नाही? उघडलं त्यानं. जिनं घास भरवून मोठं केलं, तिच्यापुढे हात जोडून तो म्हणाला, "आभारी आहे, बाई."