मूत्रपिंडाशी केलेली लबाडी

सरकारी बसच्या ड्रायव्हरला दरवर्षी डॉक्टरसमोर उभं राहावं लागे. रक्तदाब चढलेला निघाला की स्टिअरिंग गेलं, डेपोत कागद भरत बसायचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, तपासणीला थोडे महिने उरले असताना, माझा दाब चढलेला निघाला. तोवर निपाणी–बेळगाव रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा मला ओळखत होता.

तपासणी करणारे डेपोचे डॉक्टर माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी आधी लघवी वाढवणारी गोळी दिली. अंगातलं जादा मीठपाणी गेलं की दाब उतरतो म्हणे. पण संकेश्वर यायच्या आत मला गाडी थांबवून झाडामागं पळावं लागे. मागून आवाज येई, "अण्णा, रेडिएटर गळतोय काय तुमचा?" कंडक्टर तर मुद्दाम घंटी वाजवी. मग मी अक्कल चालवली. गोळी घ्यायची, पण पाणीच प्यायचं नाही! घसा वाळला, दाब मात्र वरच.

तपासणीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांनी नवीन निघालेली दुसरी गोळी दिली. बजावलं, "जुनी आधी चार दिवस बंद कर. मग ही अर्धीच घे, घरात, बसून." मी म्हटलं, बैल जोडीनं ओढतात, मग गोळ्यांनी काय पाप केलंय? तपासणीच्या सकाळी जुनी एक आणि नव्या दोन गिळल्या. पाणी घोटभर.

पट्टा आवळून डॉक्टर बघतच राहिले. "कसा उतरवला!" म्हणत मी ऐटीत उठलो आणि शाईच्या दौतीसकट त्यांच्या टेबलावर आडवा झालो.

डोळे उघडले तेव्हा हाताला सलाईन होतं. काय काय गिळलं ते डॉक्टरांना कबूल केलं.

"लई शाणा हैस! अंगात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाला वाटतंय दुष्काळ आला. ते रक्तातनं सांगावा धाडतंय. त्यानं रक्तवाहिन्या आवळत्यात, आन् मूत्रपिंडावरची ग्रंथी हुकूम सोडती, मीठ धरून ठेवा म्हणून. वाळल्या घशानं तू तो सांगावा वाढवलास. त्याच्याच जिवावर तुझा दाब उभा हुता. नव्या गोळीनं सांगावाच वाटेत अडवला, मग पडशील न्हाय तर काय!"

"म्हंजे मूत्रपिंड मला सांभाळत हुतं?"

"व्हय. तुझ्यापरास शाणं हाय ते."

महिनाभर गाडी बंद, असा शेरा पडला. कंडक्टर घरी आला. "मॅनेजर म्हणत्यात, कायमचा टेबलावर बस. पंखा हाय, च्या हाय."

"त्यास्नी म्हणावं, तुमीच बसा."

त्या महिन्यात जन्मात पहिल्यांदा सांगितल्याबरहुकूम वागलो, तेही निव्वळ ईर्षेनं. नवीच गोळी, सांगितली तेवढीच. पोटभर पाणी. भाकरीबरोबर अळणी आमटी, शिव्या देत देत.

पुन्हा तपासणी. डॉक्टरांनी मला झोपवून दाब मोजला, बसवून मोजला, मग म्हणाले, "उभा ऱ्हा." राहिलो. पाच मिनिटांनी परत पट्टा आवळला. आकडा उभ्यानंही जागेवर होता. त्यांनी पेन उघडलं, पण कागदावर टेकवलं नाही. "टेबलाचं काम निवांत असतंय रं. इच्यार कर."

"सही करा, सायेब. बेळगावची गाडी नवाला सुटती."

त्यांनी सही केली. मी पळतच डेपो गाठला.